हळदीचे तीन पिवळे

साहित्याच्या मुलीने क्रोमॅटोग्राफीवर का लिहावं? कारण माझी धाकटी बहीण. बीएस्सीच्या तोंडी परीक्षेत तिला विचारलं, हळदीतला कोणता घटक सिलिकावर सगळ्यांत पुढे सरकतो? "जो कमी ध्रुवीय तो." मग सगळ्यांत जास्त ऑक्सिजन असलेलं कर्क्युमिनच पुढे कसं? इथे बाईसाहेब गप्प! आता पुन्हा तोंडी आहे, आणि आनंद नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात तिच्यासमोर परीक्षक म्हणून मी.

आधी साधी गोष्ट. सिलिकाच्या पृष्ठभागावर ओएच गट असतात, ते ध्रुवीय. वरून जाणारा द्रावक त्यामानाने अध्रुवीय, हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्मसारखा. पण सिलिकावरच्या जागा रिकाम्या नसतात, तिथे द्रावकाचे रेणू आधीच बसलेले असतात. पॅसेंजर गाडीसारखंच, बसायचं तर बसलेल्याला उठवावं लागतं. जो रेणू जागा घट्ट धरतो तो मागे राहतो. द्रावकात थोडं मिथेनॉल घातलं की तेच जागा बळकावतं आणि सगळे भराभर पुढे निघतात.

आता हळद. तिच्यात पिवळे तीन. कर्क्युमिनवर मिथॉक्सी गट दोन, डिमिथॉक्सीकर्क्युमिनवर एक, बिसडिमिथॉक्सीकर्क्युमिनवर एकही नाही. ९५ भाग क्लोरोफॉर्म आणि ५ भाग मिथेनॉल घेतलं तर पट्टीवर ते याच क्रमाने लागतात, कर्क्युमिन सगळ्यांत वर. गोम अशी की मिथॉक्सी गट फिनॉलच्या ओएचला अगदी खेटून असतो. तो ओएच घरातल्या घरातच हायड्रोजन बंधात गुंततो, सिलिकाला द्यायला त्याचा हात मोकळा राहत नाही. ज्याच्याकडे मिथॉक्सी नाही त्याचे दोन्ही हात मोकळे, म्हणून तो खाली अडकतो. म्हणजे ऑक्सिजन मोजून भागत नाही, मोकळे हात मोजायचे.

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ज्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं, तीही याच घाटाची: नळीत खडूची भुकटी, त्यातून पानांतले रंग. नुसत्या कार्बन-हायड्रोजनचं कॅरोटीन न अडखळता खाली उतरलं. (रशियनमध्ये त्स्वेत म्हणजेच रंग. मला तर याचंच जास्त कौतुक!) हा प्रकार आधी आला म्हणून तो 'नॉर्मल'. आज बहुतेक प्रयोगशाळांत उलटा, म्हणजे तेलकट पृष्ठभाग आणि पाणीदार द्रावक असलेला 'रिव्हर्स' प्रकारच चालतो, तरी नाव काही बदललं नाही.

"पण माझे तिन्ही ठिपके एकात एक का गेले?" बहिणीने विचारलं. भोपाळचा पावसाळा, दुसरं काय! पापडासारखी सिलिकाही सादळते. हवेतलं पाणी सगळ्या चांगल्या जागा अडवून बसतं, मग हळदीला धरायला जागाच उरत नाही, तिन्ही पिवळे वर पळतात. पट्टी आधी ११० अंशांवर अर्धा तास तापवायची आणि कोरड्या डब्यात थंड करायची. हे तिच्या वहीत लिहिलेलं होतं, पण का, ते लिहिलेलं नव्हतं. आता तिने समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय: सादळते.