बक्षिसीचा खजिनदार

लेखनाला मिळणारी दाद आणि लेखनापायी हाती येणारे द्रव्य यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा यत्न आपल्याकडील पांढरपेशा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला असला, तरी तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्या रसिकाला तो भेद कधीच मान्य नव्हता. लावणी रंगली की त्याचा हात आपसूक खिशाकडे जाई, आणि देणाऱ्याचे नाव साऱ्या फडाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारले जाई. नोस्टर नामक विकेंद्रित समाजमाध्यमावर ‘झॅप’ या नावाने जी बक्षिसी दिली-घेतली जाते, तिची जातकुळी मला प्रथमदर्शनी हीच वाटली. मजकुराखालील विजेच्या चिन्हावर बोट टेकवले की वाचकाच्या वॉलेटमधून काही सातोशी, म्हणजे बिटकॉइनच्या 10 कोटी भागांपैकी काही भाग, लाइटनिंग या बिटकॉइनच्या झटपट देवघेवीच्या जाळ्यातून क्षणार्धात लेखकाकडे पोहोचतात, आणि त्याची पावती कोणालाही वाचता येईल अशी प्रसिद्ध होते. चार ओळींच्या टिपणाला परदेशस्थ अपरिचित वाचकाकडून चहापुरती का होईना रक्कम यावी, याचे अप्रूप मला वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु त्या एका चिन्हाआड तीन स्वतंत्र कारभार चालू असतात, आणि नवख्या माणसाला ते एकच भासतात. ज्या ॲपमध्ये आपण लिहितो ते एकाचे. आपला मजकूर साठवून पुढे धाडणारे ‘रिले’ म्हणजे सर्व्हर दुसऱ्या कोणाचे. आणि पैसे सांभाळणारे वॉलेट तिसऱ्याचे. या तिघांवर हुकूम चालवील असा मालक नाही, कारण एका टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरने 2020 मध्ये मांडलेली ही रचना मुळात कंपनी नव्हेच, ती केवळ एक नियमावली आहे. मालक नसल्यामुळे कोणी आपले तोंड बंद करू शकत नाही, ही तिची थोरवी. आणि मालक नसल्यामुळेच दाद मागायला कचेरीही नाही. या माध्यमात येणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम एवढेच विचारतो, की आपली कोणती चीज या तिघांपैकी कोणाच्या ताब्यात आहे हे आपल्याला सांगता येते काय?

माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, गडकोटांवर फार सुरेख लिहीत असत. नोस्टरवर प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात: एक जगाला दाखवण्याची, आणि ‘एनसेक’ या अक्षरांनी सुरू होणारी दुसरी गुप्त, जी सही, शिक्का आणि सनद यांचे काम एकटीच करते. आलेल्या बक्षिसीचा जमाखर्च मांडून देतो असे सांगणाऱ्या एका संकेतस्थळाने ती गुप्त किल्ली मागितली, आणि त्यांनी ती भाबडेपणाने तेथे चिकटवली. पुढे जे झाले ते मोठे शांतपणे झाले. त्यांच्या नावाने कोणी शिवीगाळ केली नाही, लेखही कोणी पुसले नाहीत. फक्त त्यांच्या परिचयात ईमेलसारखा दिसणारा जो लाइटनिंग पत्ता होता, तेथे दुसराच पत्ता येऊन बसला. वाचक पूर्ववत झॅप करीत राहिले, पावत्या पूर्ववत झळकत राहिल्या, आणि रक्कम तिऱ्हाइताच्या तिजोरीत जात राहिली. “तक्रार कोणाकडे करायची हो?” असे त्यांनी मला फोनवर विचारले, तेव्हा उत्तर देणे मला जड गेले. बँकेचा पासवर्ड बदलतो तशी ही किल्ली बदलता येत नाही. ती फुटली की नव्या किल्लीने नवा संसार थाटावा लागतो आणि जुन्या वाचकांना एकेक करून पटवावे लागते की हा मीच. म्हणून गुप्त किल्ली कोणत्याही संकेतस्थळावर न टाकता, ती स्वतःजवळ राखून केवळ सही करून देणारे जे साधन ब्राउझरला जोडता येते, तेच वापरावे. आणि आपल्याच परिचयातला लाइटनिंग पत्ता मधूनमधून दुसऱ्याच्या फोनवरून पाहत जावे.

वॉलेटची कथा वेगळी. बहुतेकांप्रमाणे मीही प्रारंभी असे वॉलेट घेतले, की ज्यात नाणी वस्तुतः कंपनीच्या ताब्यात असतात आणि आपल्याला दिसतो तो केवळ हिशेब. सोय मोठी, कारण किल्ली स्वतः सांभाळण्याची यातायात नाही. एके दिवशी त्या कंपनीने सेवा आवरती घेत असल्याचे कळवून रक्कम मुदतीत हलवावी असे सुचवले. किल्ली स्वतःकडे ठेवणाऱ्या वॉलेटात ती हलवू गेलो, तेव्हा तेथे प्रथम ‘चॅनेल’ उघडावे लागते आणि त्याचे शुल्क बिटकॉइनच्या मुख्य साखळीवरील गर्दीनुसार चढते-उतरते, हे ध्यानी आले; फुटकळ बक्षिसीचा बराच भाग त्या शुल्कातच खर्ची पडला. तेव्हापासून माझा रिवाज असा, की थोडकी रक्कम कंपनीच्या वॉलेटात राहू द्यावी, ती साचून डोळ्यांत भरू लागली की शुल्क उतरलेले पाहून स्वतःच्या ताब्यात घ्यावी.

देणाऱ्यानेही जपावे. वॉलेट ॲपला जोडताना आपण त्याला एक प्रकारचे मुखत्यारपत्रच लिहून देत असतो, आणि खर्चाची मर्यादा त्यात घालण्याची सोय असूनही पुष्कळजण ती मोकळी सोडतात. अशा वेळी अंगठा नुसता घसरला तरी नेमून ठेवलेली रक्कम जाते, आणि गेलेली परत मागता येत नाही. पावत्यांचा ढीग पाहूनही कोणाची लोकप्रियता ठरवू नये. ही पावती रक्कम चुकती झाल्याचा पुरावा नव्हे, असे त्या नियमावलीतच नमूद आहे. जो घेणारा स्वतःच्या वॉलेटचा सर्व्हर चालवतो त्याला खोट्या पावत्या फाडणे अवघड नाही.

बटण दिसले नाही म्हणून बावरूनही जाऊ नये. जून 2023 मध्ये ॲपलने आक्षेप घेतल्यावर डॅमस या नोस्टरच्या ॲपला लेखाखालील झॅपचे बटण काढून केवळ परिचयाच्या पानावर ठेवावे लागले. माध्यम विकेंद्रित असले तरी फोनचे दुकान एकाचेच असते. उलट मॅस्टोडॉन या दुसऱ्या विकेंद्रित माध्यमाने पैशाचे बटण ठेवलेच नाही. तेथे लेखक परिचयात दुवा देतो, आणि सर्व्हर बहुधा वर्गणीवर चालतो. मला ती पद्धत अधिक निरोगी वाटते. कारण स्टीमिट या लेखनाच्या संकेतस्थळावर 2016 पासून मतांच्या प्रमाणात नाणी वाटली जाऊ लागली तेव्हा मते विकणारे बॉट उभे राहिले, आणि लेखक वाचकाकडे पाहायचे सोडून मोठ्या ठेवीच्या मतदारांकडे पाहू लागले.

राहता राहिला सरकारी हिशेब. भारतात आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आहे, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून बक्षिसी जमा होईल त्या दिवसाचा भाव त्याच दिवशी रोजकीर्दीत टिपून ठेवावा. वर्षाअखेरीस तो शोधत बसणे ही शुद्ध शिक्षा आहे. माझे सनदी लेखापाल तारीख, रक्कम, भाव आणि देणाऱ्याचे नाव असा तक्ता मागतात. शेवटचा रकाना मी जवळजवळ कोराच देतो, आणि ते दर वर्षी त्यावर तितकीच कुरकुर करतात.