घरबसल्या गणिताचा तास

दहावीच्या परीक्षेत बीजगणितात मी जेमतेम उत्तीर्ण झालो आणि त्याच दिवशी गणिताला कायमचा रामराम ठोकला. कला शाखा निवडण्यामागे साहित्याची ओढ होती हे खरेच. पण गणितापासून सुटका हेही एक कारण होते, हे कबूल करायला हवे. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थ्यांची, आणि काही सहकारी प्राध्यापकांचीही, कथा याहून फारशी निराळी नसावी. पुढे सारी वर्षे मराठी शिकविण्यात गेली. गणित आणि पदार्थविज्ञान हा 'त्यांचा' प्रांत, आपला नव्हे, ही समजूत मनात घट्ट बसली. ती ढळली कशी, ते येथे सांगावयाचे आहे.

निमित्त एका संख्येचे झाले. मोबाईलवर सहज काही पाहत असता एक परदेशी व्याख्याता ६१७४ या संख्येविषयी बोलताना दिसला, आणि बोलता बोलता त्याने 'कापरेकर' हे नाव घेतले. मी चमकलो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. सर्व अंक सारखे नसावेत, एवढीच अट. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, ५४३२. चढत्या क्रमाने लिहा, २३४५. वजाबाकी ३०८७. तिच्यावर तीच क्रिया करा: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. येथे गाडी थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात. आरंभ कोठूनही करा, फार तर सात पायऱ्यांत याच संख्येपाशी येऊन पोचाल. १९४९ साली हे कापरेकरांच्या ध्यानात आले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि या मास्तरांचे नाव जगभर गेले. त्या रात्री मी वहीची तीन पाने वजाबाक्यांनी भरली. गणिताची वही मी स्वतःहून उघडली, असे आयुष्यात प्रथमच घडले.

त्यानंतर धीर करून एका पूर्ण व्याख्यानमालेला हात घातला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने आपले अभ्यासक्रम आंतरजालावर विनामूल्य खुले करण्याचे २००१ साली जाहीर केले. त्यांत प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने आहेत. १९९९ साली वर्गातच चित्रित झालेली. फळा, खडू आणि एक शांत, किंचित अडखळत बोलणारा माणूस. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी दोन समीकरणे लिहिली: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. माझ्या अंगावर काटा आला. हीच ती एकसामयिक समीकरणे, दहावीत ज्यांनी माझा घाम काढला!

परंतु स्ट्रँग यांनी ती सोडविण्याची घाई केली नाही. आधी ती आडवी वाचली. प्रत्येक समीकरण म्हणजे आलेखावरील एक रेषा; दोन रेषा क्ष = १, य = २ या बिंदूत छेदतात. एवढे शाळेतही सांगितले होते. मग ते म्हणाले की आता हीच समीकरणे उभी वाचू. क्षच्या खाली २ आणि −१ ही जोडी, यच्या खाली −१ आणि २ ही जोडी. पहिल्या जोडीचे किती आणि दुसरीचे किती माप घेतले, तर बेरीज ० आणि ३ होईल? पहिलीचे एक, दुसरीची दोन: २ − २ = ०, −१ + ४ = ३. उत्तर तेच, पण प्रश्न निराळा झाला. अंक जसेच्या तसे ठेवून केवळ वाचनाची दिशा बदलल्याने अर्थ पालटतो, हे एखादी ओवी वर्गात दोन अंगांनी उलगडून दाखविणाऱ्या माणसाला कळायला अवघड नव्हते. शाळेत मला 'चलाचा लोप करा' एवढेच ऐकू आले होते. का करायचा, ते ऐकू आले नव्हते. दोष शिक्षकांचा की माझ्या धास्तावलेल्या कानांचा, हे आता ठरविता येणार नाही.

आपल्या देशातही ही सोय आहे. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ पासून एनपीटीईएल हा उपक्रम चालविला आहे. २०१७ मध्ये 'स्वयम्' आले. प्रमाणपत्र हवे असेल तर शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते, नुसते ऐकायला काही पडत नाही. माझ्या वयाच्या माणसाने प्रमाणपत्राच्या नादी लागू नये. मराठीतून ऐकायचे असेल तर जयंत नारळीकरांची (१९३८-२०२५) व्याख्याने शोधावीत. पुण्यातील 'आयुका'चे ते संस्थापक-संचालक. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या या शास्त्रज्ञाची भाषा मराठीच्या प्राध्यापकालाही हेवा वाटावा अशी स्वच्छ.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ही व्याख्याने कीर्तनासारखी नुसती ऐकली तर ऐकताना सारे पटते आणि सकाळी काही आठवत नाही. माझे असे दोन महिने फुकट गेले. आता पेन्सिल हातात असल्याखेरीज व्याख्यान लावीत नाही. व्याख्यात्याने उदाहरण मांडले की चित्र थांबवितो, स्वतः करून पाहतो, मगच पुढे जातो. पन्नास मिनिटांच्या तासाला कधी तीन रात्री लागतात. या कामी रंगीबेरंगी हलत्या चित्रांपेक्षा मला खडू-फळा अधिक उपयोगी वाटतो, कारण हाताने लिहिणारा माणूस आपल्या वेगाने चालतो. इंग्रजी बोलणे निसटले तर पडद्याखाली अक्षरे उमटविता येतात, वेगही कमी करता येतो. आमच्या पालमला ऐन रंगात वीज किंवा रेंज जाते, म्हणून मी व्याख्यान दुपारीच उतरवून ठेवतो.

स्ट्रँग २०२३ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, अध्यापनातून निवृत्त झाले. मी त्यांच्या तिसऱ्या व्याख्यानात अडकलो आहे. परवा प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने माझी वही पाहून विचारले, "सर, तुम्हांला कशाला हवंय हे?" उत्तर सुचले नाही, म्हणून तिला चार अंक लिहायला सांगितले. तिने २०१९ लिहिले. चार वजाबाक्या होईपर्यंत तास संपल्याची घंटा झाली; कागद घेऊन ती बाहेर गेली.