गोठ्यातील धूळ आणि फिनेलची बाटली

राधानगरी तालुक्यातील एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणा. पुढे सोपा, मागे परडे आणि घराला लागूनच गोठा. घरातले रांगते मूल म्हशीजवळ जाते, मातीत हात घालते. आता शहरातला एखादा फ्लॅट पाहा. तेथे फरशी दिवसातून दोनदा फिनेलने पुसली जाते आणि बाळाचा पाय मातीला लागू दिला जात नाही. यांपैकी कोणत्या घरातील मूल अधिक निरोगी राहील? उत्तर वाटते तितके सोपे नाही.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने एक विचार मांडला. मार्च १९५८ मधील एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती त्याने तपासली. ज्यांना मोठी भावंडे अधिक, त्यांना परागकणांमुळे होणाऱ्या शिंका व सर्दीचा त्रास कमी, असे त्याला आढळले. भावंडांकडून लहानपणी होणारा जंतुसंसर्गच पुढे उपयोगी पडत असावा, असा त्याचा तर्क होता.

असे का व्हावे? आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. शत्रूला ओळखून त्याच्याशी लढणे ही पहिली, आणि निरुपद्रवी वस्तू सोडून देणे ही दुसरी. दुसरा धडा कच्चा राहिला, तर परागकण किंवा धुळीतील सूक्ष्म कीटक यांनाही शरीर शत्रू मानते. त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात, काही पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते आणि शिंका, खाज किंवा धाप सुरू होते. यालाच आपण ॲलर्जी किंवा वावडे म्हणतो. माती, जनावरे व माणसे यांच्याकडून येणारे नाना प्रकारचे निरुपद्रवी सूक्ष्मजीव हा दुसरा धडा शिकवण्यास मदत करतात. ग्रॅहॅम रूक या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये त्यांना ‘जुने मित्र’ असे नाव दिले.

याचा एक चांगला पुरावा २०१६ मध्ये अमेरिकेतून आला. आमिश आणि हटराइट हे तेथील दोन शेतकरी समाज. दोघांचे पूर्वज युरोपातले आणि राहणीही बरीचशी सारखी. परंतु आमिश लोकांचे गोठे घराजवळ असतात व मुले लहानपणापासून तेथे वावरतात. हटराइटांची शेती यंत्रांची असून गोठे वस्तीपासून दूर असतात. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के होते. आमिश घरांतील धुळीत जिवाणूंच्या आवरणातील एका घटकाचे प्रमाण जवळजवळ सातपट आढळले. ही धूळ उंदरांना हुंगवली, तेव्हा त्यांनाही दम्यासारख्या विकारापासून संरक्षण मिळाले.

मग झाडू-पोचा सोडून द्यावा काय? मुळीच नाही! येथेच अनेकांची गफलत होते. ‘जुने मित्र’ वेगळे आणि रोगजंतू वेगळे. राधानगरीची भोगावती नदी पुढे पंचगंगेला मिळते. त्याच पंचगंगेच्या काठच्या इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि तिने बळीही घेतले. अशा जंतूंपासून शरीर काही हिताचे शिकत नाही. गोठा जवळ असला तरी न उकळलेले दूध पिऊ नये, कारण त्यातून क्षयासारखे रोग होऊ शकतात. पायाला जखम असताना चिखलात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शिरतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवरील बुरशीही काढलीच पाहिजे, कारण ती दमा वाढवते.

दुसऱ्या बाजूला, साफसफाईची रसायनेच अपाय करू शकतात. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६ हजारांहून अधिक व्यक्तींच्या २० वर्षांतील नोंदी तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटली होती. जंतुनाशक साबणांचेही तसेच. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये असलेल्या साबणांवर बंदी घातली, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस आहेत हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते. आणि एक गोष्ट घरी सर्वांना सांगा : ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो.

तेव्हा खरा प्रश्न ‘स्वच्छता किती’ असा नसून ‘कोठे आणि केव्हा’ असा आहे. शौचानंतर, जेवणापूर्वी, स्वयंपाकाआधी आणि जनावरांचे काम झाल्यावर साध्या साबणाने हात धुवा. एवढ्यानेच अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते. पाणी व संडास स्वच्छ ठेवा. पण फरशीचा प्रत्येक कोपरा रोज जंतुनाशकाने पुसण्याची गरज नाही, आणि धाकट्या भावंडाला अंगणात खेळू द्यायला भिऊ नका. खेळून आल्यावर हात धुतले की झाले.

करून पाहा : दोन्ही हातांना रंगीत खडूची पूड चोळा आणि दहा मिनिटे घरात नेहमीप्रमाणे वावरा. मग कडी, तांब्या, नळ, स्वतःचा चेहरा असे कोठे कोठे रंग लागला ते वहीत लिहा. रोगजंतूही याच वाटेने फिरतात. ही वाट कोणत्या ठिकाणी अडवणे सर्वांत सोपे आहे? उत्तर तुमच्या वहीतच सापडेल.