मूठभर मोरचूद

मोरचुदाने शेवाळ मरतं, यात खोटं काही नाही. 1904 साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन या दोघांनी पाणीपुरवठ्याच्या साठ्यांसाठी हा उपाय छापून मांडला. मात्र किती पाण्याला किती, हा त्या उपायाचा प्राणच. आष्टीच्या बाजारातल्या दुकानदाराने प्रस्तुत लेखकाला तळं केवढं आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही. "चार मुठी फेका, आठ दिवसांत तळ दिसेल," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

कागद टाकलेलं 30 बाय 30 मीटरचं, 3 मीटर खोल शेततळं काठोकाठ भरलं की एकास एक उतार धरून साधारण 22 लाख लिटर पाणी होतं. हजार लिटरला एक ग्रॅम धरला तरी मोरचूद सव्वादोन किलोच्या आसपास लागतो. त्यात बोअरचं पाणी क्षारांचं. अशा पाण्यात तांबं लवकर तळाशी बसतं. मुठींनी काही होईना, तेव्हा त्याच दुकानदाराने अख्खी थैली हातात दिली.

शेवाळ मेलं. एकदम मेलं, तळाला बसलं आणि फुटव्हॉल्व्हने ते ओढून घेतलं. डाळिंबाच्या खालच्या ओळी सुकायला लागल्या म्हणून लेखकाने ठिबकच्या लॅटरलच्या टोकाची टोपी काढली. पाणी आलंच नाही. आधी नुसती हवा, मग शेवयांसारखा तपकिरी-हिरवा लगदा नळीतून सरकत बाहेर आला आणि मेल्या चिखलाचा वास सुटला. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "तुमचं फिल्टरच हलकं." वर शेवाळनाशकाची नवी बाटली पुढे सरकवली. फिल्टर कुणाच्या सांगण्यावरून घेतलं होतं, हे तो सोयीस्कर विसरला!

2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने गावोगाव तळी झाली. आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात त्याचं मोल कुणी सांगायला नको. शेवाळाला मात्र ऊन आणि खत दोन्ही आयतं मिळतं. म्हणून आधी गोठ्याचं, उकिरड्याचं पाणी बांध घालून वळवा. फुटव्हॉल्व्ह तळाशी नको आणि वरही नको. ड्रम बांधून पृष्ठभागाखाली अर्धा मीटर लटकवा. सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की बॅकवॉश, मग शेजारी काहीही सांगो.

मोरचूद टाकायचाच तर पाणी मोजून, विरघळवून, तळ्याच्या एका भागात आज, दुसऱ्या भागात काही दिवसांनी. सगळं शेवाळ एकदम कुजलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे तरंगतात. मेंढ्यांना तांबं फार बाधतं. त्या पाण्यावर कळप येऊ देऊ नका. नळ्यांसाठी ब्लीचिंग पावडरची फक्त वरची निवळी वापरा, तीही संध्याकाळी, कारण उन्हात क्लोरीन टिकत नाही. आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. बाकी स्वच्छता वगैरे सगळे सांगतातच.

आणि दुकानातून काहीही घ्या, पक्कं बिल मागा. कच्च्या चिठ्ठीवर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं.