खेळाडू मुलीची तक्रार ऐकायची कोणी?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कबड्डीच्या सामन्यांसाठी परगावी जायचे म्हटले, की वडील एकच प्रश्न विचारतात, "संगं बाई कोण हाय?" पूर्वी मला या प्रश्नाचा राग येई. परंतु शाळेत असताना आमच्या संघातली सर्वांत चपळ चढाई करणारी मुलगी एका शिबिरानंतर मैदानावर यायचीच बंद झाली. "लग्न ठरलं असेल," असे म्हणून आम्ही तिला विसरलो. पुष्कळ दिवसांनी तिने मला खरे कारण सांगितले. घरी सांगावे तर खेळ आणि शाळा दोन्ही बंद. बाहेर सांगावे तर ज्याच्याविषयी तक्रार, त्याच्याच हाती संघाची निवड! म्हणून ती गप्प राहिली. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा अभ्यास मांडत आहे.

सत्ता कोणाच्या हाती?

खेळात निवड चाचणी, शिबिर, प्रवास आणि प्रमाणपत्र ही सर्व सूत्रे बहुधा दोन-चार माणसांच्या हाती असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आमच्यासारख्या घरात प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद नव्हे, ती भाकरी आहे. ते देणाऱ्याविरुद्ध तोंड उघडणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

एक उदाहरण

ऑगस्ट १९९० मध्ये हरियाणातील पंचकुला येथे रुचिका गिर्होत्रा या १४ वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग झाला. करणारा राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस खात्यातला बडा अधिकारी होता. रुचिकाने तक्रार केली. पोलीस महासंचालकांनी चौकशी करून तक्रारीत तथ्य असल्याचा अहवालही दिला. पण पुढे काय झाले? रुचिकाला शाळेतून काढले. तिच्या भावावर वाहनचोरीचे खटले भरले गेले. ते टिकले नाहीत. डिसेंबर १९९३ मध्ये रुचिकाने विष घेऊन जीवन संपवले. रीतसर गुन्हा १९९९ साली नोंदला गेला आणि शिक्षा झाली डिसेंबर २००९ मध्ये, अवघी सहा महिन्यांची! पुढे ती दीड वर्षांची झाली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, मात्र शिक्षा भोगलेल्या मुदतीपुरतीच ठेवली.

या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती रुचिकाची मैत्रीण. ती प्रत्यक्ष साक्षीदार होती. ती आणि तिचे आई-वडील एकोणीस वर्षे मागे हटले नाहीत, म्हणूनच दोष सिद्ध झाला.

जानेवारी २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगट यांच्यासारख्या नामवंत कुस्तीगीर महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये गुन्हा नोंदवला गेला. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करावा. परंतु ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या स्त्रीला रस्त्यावर बसावे लागते, तर तालुक्याच्या मुलीचे कोण ऐकणार?

कायदा काय म्हणतो?

१९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागाही स्पष्टपणे येते. तक्रार करणारी स्त्री तेथे नोकरीला असलीच पाहिजे असे नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तेथे अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. आमच्या खेड्यातल्या मंडळात दहा नोकर कुठले? त्यासाठी, तसेच खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर समितीने लिहिण्यास मदत करावी आणि नाव गुप्त ठेवावे, असे बंधन आहे. पैसे देऊन प्रकरण मिटवता येत नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. त्यात माहिती असूनही न कळवणे हाच गुन्हा आहे.

आपण काय करावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे मुख्य गोष्ट एकच: निवड करणारा आणि तक्रार ऐकणारा हे हात वेगळे असले पाहिजेत. चौकशी चालू असताना मुलीची निवड त्या माणसाच्या हाती ठेवू नये. समितीतल्या व्यक्तींची नावे जिमखान्याच्या फलकावर आणि प्रत्येक शिबिरात लावावीत. दौऱ्यावर शिक्षिका असावी, आणि कोणत्याही मुलीला खोलीवर एकटीला बोलावू नये. कोणी मैदान सोडले, तर आपण मैत्रिणींनी तिच्या घरी जाऊन 'का?' असे विचारावे. मी ते विचारले नाही, याची खंत मला आहे.

आई-वडिलांनाही एक विनंती. मुलीने सांगितले म्हणून तिचाच खेळ बंद करू नका. नाहीतर ती पुढे काही सांगणारच नाही.

मागच्या स्पर्धेला निघताना वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी बाईंचे नाव सांगितले, आणि समितीचे नाव-पत्तेही त्यांना वाचून दाखवले. त्यांनी तो कागद मागून घेतला आणि देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवला.