रतामाच्या झुडपाखालील तरुण

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांची कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी अथवा चाकरीसाठी नवीन पनवेलात राहतात. दिवसा हार्बर मार्गाच्या गाडीतील गर्दी, रात्री भाड्याची खोली. शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते. मोबाइल मात्र उशाशी असतो. २०१६ साली इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले, तेव्हापासून मध्यरात्र उलटेपर्यंत त्या पडद्याकडे पाहत बसणे पुष्कळांच्या अंगवळणी पडले आहे. घरची माणसे म्हणतात, मुलगा बिघडला. हे निदान घाईचे होय.

एलीयाने आपल्या चाकरास बैर-शेबा येथे ठेवले व तो एकटाच रानात गेला (व. ३, ४). तेथे रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागू लागला. देवाने त्यास दोष लावला काय? नाही. दूताने त्यास स्पर्श केला, भाकर व पाणी दिले, निजू दिले आणि पुन्हा जेवू घातले. प्रश्न विचारला तो पुढे, होरेब डोंगरावर. एलीयाने तेच गाऱ्हाणे दोनदा सांगितले, तरी देवाने ते दोन्ही वेळा ऐकून घेतले. मग अलीशा त्याच्या सोबतीस आला, आणि ‘मी एकटाच उरलो’ म्हणणाऱ्यास सात हजारांची वार्ता कळली. आम्ही बहुधा आधी मोबाइल हिसकावून घेतो. त्याच्या जागी कोणती सोबत द्यावी हे आम्हांस ठाऊक नसते.

व्यसन खोटे आहे असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोबाइल-संगणकावरील खेळांच्या अनावर नादास विकारांच्या यादीत घातले. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने अशा रोग्यांसाठी २०१४ सालीच निराळे चिकित्सालय उघडले. झोप, जेवण व अभ्यास सुटला असेल, तर वैद्याकडे नेण्याने विश्वासास काही उणेपणा येत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरविले की, सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवावेत. आपल्या उपासनामंदिराची घंटा रविवारखेरीज कितीदा वाजते?

कुटुंबात विचारण्याचे प्रश्न : आपल्या मंडळीतून पनवेलकडे गेलेल्यांची नावे पंचांस सांगता येतील काय? नवीन पनवेलात भाकरीस बोलावील असे एखादे ख्रिस्ती घर त्यांच्या ओळखीचे आहे काय? गेल्या महिन्यात आपण त्यांपैकी कोणास, पैशांची गोष्ट न काढता, फोन केला?