कल्याणची हरवलेली मंडळी: एका दिवसाच्या प्रवासावरून पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग: प्रेषितांची कृत्ये २:५-११, १ करिंथ १४:६-१९, प्रकटीकरण २:१-५.

खडकवासल्याच्या आमच्या लहानशा मंडळीतील एक तरुण गेल्या पावसाळ्यात आम्हांकडे येऊन खाली मान घालून बसला. कामावरच्या सोबत्यांनी त्यास म्हटले होते, "तुमचा देव साहेबाच्या बोटीतून आला. साहेब गेला, तुम्ही मात्र त्याचा देव घेऊन बसलात." त्यास उत्तर सुचले नव्हते. आम्ही त्यास तेच उत्तर दिले जे गेली वीस वर्षे देत आलो होतो: प्रेषित बर्थलमय स्वतः आपल्या कल्याण बंदरी आला व त्याने शुभवर्तमान सांगितले, मग साहेबाचा प्रश्नच कोठे उरतो? तो तरुण म्हणाला, "पाळकसाहेब, हे कशावरून?" तेव्हा खाली मान घालण्याची पाळी आमची आली, कारण ही गोष्ट आम्ही कोणाच्या तरी तोंडून ऐकली होती, आणि ऐकली तशीच पुढे सांगितली होती.

सारा पावसाळा जे ग्रंथ मिळाले ते आम्ही वाचले. नाताळ झाल्यावर एक लहान बस ठरवून, भाकरी व पिठले बरोबर घेऊन, मंडळीतील सतरा जण पहाटे धरणाच्या अंगाने निघालो. कल्याण, ठाणे व सोपारा ही तीन ठिकाणे एका दिवसात पाहून परत यावयाचे होते. जे पाहिले, आणि जे पाहावयास मिळाले नाही, ते इतर मंडळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे लिहितो.

प्रथम बर्थलमयाविषयी. चौथ्या शतकात युसेबियस नावाच्या बिशपाने मंडळीचा इतिहास लिहिला. त्यात असे आहे की दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आलेक्सांद्रिया येथील विद्यालयाचा प्रमुख पंतेनस हिंदुस्थानात गेला, आणि तेथील काही लोकांजवळ त्यास इब्री अक्षरांतील मत्तयाचे शुभवर्तमान आढळले. ते बर्थलमयाने तेथे ठेविले होते असे म्हणत. ह्यात कल्याणचे नाव नाही. शिवाय त्या काळचे ग्रीक लोक दक्षिण अरबस्थानास व हबसाणासही पुष्कळदा हिंदुस्थानच म्हणत. काही विद्वानांनी कल्याणच्या बाजूने बरेच लिहिले आहे, त्यांचा आम्ही आदर करितो. परंतु ही परंपरा आहे, पुरावा नव्हे. उपदेशकांनी ती परंपरा म्हणूनच सांगावी. आम्ही तिला वीस वर्षे पुरावा म्हटले, ही आमची चूक.

दुसरी एक गोष्ट आम्ही बसमध्येच सांगून टाकिली, कारण घाट उतरण्यापूर्वी कार्ल्याचा डोंगर लागतो. तेथील लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे खांबांवर कोरली आहेत, आणि ते यवन ख्रिस्ती होते असे सांगणारे आम्हांस भेटले आहेत. तसे नाही. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडील लोक. आणि ज्यांनी तेथे खांब दिले त्यांनी ते बौद्ध भिक्षूंच्या चैत्यास दिले. दुसऱ्याचे देवालय आपले म्हणून सांगणे सत्याच्या सेवकास शोभत नाही.

कल्याणास पोहोचल्यावर आम्ही उल्हास नदीच्या खाडीवर, दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी बसलो. किल्ला शिवाजी महाराजांच्या काळचा. बंदर त्याहून पुष्कळ जुने. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या वहीत कल्याण व सोपारा या दोहोंची नावे आहेत. येथून माल नाणेघाटाने जुन्नरास चढे व पुढे पैठणापर्यंत जाई. म्हणजे आमच्या पुणे जिल्ह्याचा जगाशी व्यापार ह्याच खाडीतून चाले.

इ. स. ५५० च्या सुमारास कॉस्मस नावाच्या एका माणसाने ग्रंथ लिहिला. तो आलेक्सांद्रियाचा व्यापारी. पुढे सर्व सोडून मठवासी झाला. तो लिहितो की लंकेत ख्रिस्ती मंडळी आहे, मिरी पिकते त्या मलबारात आहे, आणि कल्याण नावाच्या ठिकाणी तर इराणातून नेमलेला बिशप आहे. त्याच ग्रंथात कल्याणहून तांबे, लाकूड व वस्त्रे बाहेर जातात असेही तो सांगतो. काहींच्या मते त्याचे कल्याण दक्षिणेकडील दुसरे गाव असावे. बहुतेक विद्वान ते हेच कल्याण मानितात, व आम्हांसही तसेच वाटते. बिशप होता म्हणजे वडील होते, बाप्तिस्मा घेणारे होते, प्रभुभोजनाची भाकर मोडणारे होते. इंग्रज ह्या देशात येण्यापूर्वी एक हजार वर्षांहून अधिक काळ! पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमात जमलेल्यांच्या यादीत पार्थी, मेदी व एलामी पहिले आहेत; हे लोक इराणाकडील. तेथे मंडळी वाढली, व तेथील व्यापारी गलबतांतून पश्चिम किनाऱ्यास येत.

एवढे आम्ही वाचून दाखविले. तेव्हा आमच्या मंडळीतील एक आजीबाई, ज्या आयुष्यात दुसऱ्यांदाच घाट उतरल्या होत्या, इकडे तिकडे पाहून म्हणाल्या, "पाळकसाहेब, येवढं लांब आणलंत, आन् हितं तर कायबी न्हाई."

आजीबाई खरे बोलल्या. कल्याणात त्या मंडळीचा एक दगडही दाखविता येत नाही. कल्याणच्या बौद्ध व्यापाऱ्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत आजही वाचता येतात; कल्याणच्या बिशपाचे नावसुद्धा आपणांस ठाऊक नाही. मराठी मुलखाच्या शेजारी असा दगड सापडला तो गोव्यात, २००१ साली, जुवारी नदीकाठी आगशी येथे: एक क्रूस, आणि त्यावर पहलवी लिपीतील लेख. पहलवी ही जुन्या इराणची भाषा. असाच क्रूस मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटवर १५४७ साली सापडला होता. म्हणजे इराणी मंडळीचे लोक ह्या किनाऱ्यावर होते, ह्याविषयी संशय नको. कल्याणची खाडी मात्र मुकी आहे.

ठाण्यास मासुंदा तलावाजवळचे देऊळ पाहून आमच्या मुलांना वाटले की हेच ते पुरातन. ते मूळचे पोर्तुगीज काळातले, रोमन पंथाचे. पोर्तुगीजांस वसई मिळाली ती १५३४ साली. चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ साली. वसईच्या किल्ल्यातील पडकी देवळे ह्याच दोन सालांमधली. मोडकळीस आलेले सर्वच पुरातन नसते. आम्ही ज्यासाठी ठाण्यास गेलो होतो ती गोष्ट त्याच्याही दोनशे वर्षे आधीची.

१३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू व त्यांच्याबरोबर जॉर्डानस नावाचा डोमिनिकन साधू असे पाच जण इराणाकडून गलबताने ठाण्यास उतरले. जावयाचे होते कोल्लमास. त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. ते नेस्तोरियन, म्हणजे त्याच पूर्वेकडील मंडळीचे. त्यांतील एका घरी साधू उतरले. जॉर्डानस काही दिवसांसाठी भडोचकडे गेला. मागे त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले व नवऱ्याने बायकोस मारिले. सकाळी ती काजीकडे गेली. साक्ष कोण, असे विचारता तिने घरी उतरलेल्या साधूंचे नाव सांगितले. साधूंस बोलावणे गेले. साक्ष बाजूस राहिली व धर्माचा वाद सुरू झाला. आणि शेवटी ते चौघे, तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लीसचा देमेत्रियस, ठार मारले गेले. ही हकिकत ओडोरिक नावाच्या साधूने लिहून ठेविली. तो थोड्याच काळाने ठाण्यास आला व त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला.

ह्या गोष्टीवरून कोणी मुसलमान शेजाऱ्यांविषयी कडू बोलेल तर त्याने ओडोरिकची हकिकत पुढेही वाचावी. ज्या अधिकाऱ्याने हे केले त्यास दिल्लीच्या बादशहाने देहांत शिक्षा दिली असे तो लिहितो. आम्हांस त्या हकिकतीतील दुसरीच गोष्ट टोचते. ठाण्याच्या पंधरा ख्रिस्ती घरांविषयी जगास आज जे थोडेबहुत ठाऊक आहे, ते एवढेच की त्यांतील एका घरात बायकोस मार पडला आणि तिला न्याय मागावयास आपल्या मंडळीतील वडिलांकडे जावेसे वाटले नाही. तिने काजीचे दार गाठले. हे आम्ही तलावाच्या काठी सांगितले, तेव्हा बायका एकमेकींकडे पाहू लागल्या व दोन पुरुष चहा पाहावयास उठून गेले. आम्ही अधिक बोललो नाही.

सोपाऱ्यास पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते. तेथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून टेकाड आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणविले, तेव्हा आतून बौद्ध स्तूप व दगडी पेटी निघाली. त्याच गावी अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडाही मिळाला. आम्हांस सोपाऱ्याचे महत्त्व जॉर्डानसमुळे. सोबती मेल्यावरही तो एकटा ह्या भागात राहिला, आणि ठाणे व सोपारा ह्यांच्या दरम्यान पस्तीस जणांस बाप्तिस्मा दिल्याचे त्याने पत्रात लिहिले. १३२९ साली त्यास कोल्लमचा बिशप नेमण्यात आले. त्याच सुमारास लिहिलेल्या ग्रंथात तो हिंदुस्थानच्या ह्या भागाविषयी एक गोष्ट सांगतो, ती वाचून आम्ही त्या रात्री पुस्तक मिटून बसलो होतो. तो म्हणतो, येथे एक येथे तर एक तेथे असे विखुरलेले लोक आहेत. ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात, पण त्यांस बाप्तिस्मा नाही, विश्वासाविषयी काही ठाऊक नाही, आणि प्रेषित थोमा हाच ख्रिस्त असे ते मानितात.

बंधूंनो, नाव उरले होते आणि प्रभु विसरला गेला होता. कोणी तलवारीने ही मंडळी पुसली असे लिहिलेले आम्हांस सापडले नाही. मग काय झाले? एक कारण कागदोपत्री आहे. सातव्या शतकाच्या मध्यास पूर्वेकडील मंडळीचा मुख्य, तिसरा ईशोयाब, ह्याने इराणातील पार्स प्रांताच्या मुख्य बिशपास रागाचे पत्र लिहिले: तुम्ही आमच्याशी फुटून वागता, म्हणून हिंदुस्थानच्या मंडळ्यांस बिशप मिळत नाहीत. दोन अधिकारी समुद्रापलीकडे भांडले आणि इकडचे विश्वासी पाळकाविना राहिले. आपला पाळक आपल्यातूनच उभा करण्याची सोय त्यांजपाशी नसावी.

दुसरे कारण आमच्या तर्काचे आहे. त्या मंडळीचे शास्त्र व उपासना सुरयानी भाषेत होती. त्या मंडळीने येथील लोकभाषेत लिहिलेली एक ओळही आजवर हाती आलेली नाही. कोणी म्हणेल, केरळातील थोमाच्या ख्रिस्ती लोकांची उपासनाही शतकानुशतके सुरयानीतच चालली, तरी ते टिकले. हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो लपवीत नाही. पण तेथे त्यांची शेतीवाडी होती, मोठी कुटुंबे होती, आणि त्यांचे कत्तनार, म्हणजे पाळक, त्यांच्याच घरांतले होते. कल्याण-ठाण्याची मंडळी बहुधा व्यापाऱ्यांची. गलबत थांबले की मंडळी थांबली. मराठीत ख्रिस्ताची कथा लिहिली गेली ती १६१६ साली, फादर स्टीफन्स यांच्या हातून गोव्यात. मराठी नवा करार श्रीरामपुरास छापला गेला तो १८११ साली. आणि पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांतून खेड्यातील बायकांस समजेल असे जे भाषांतर केले ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावहून निघाले. केडगाव आमच्याच जिल्ह्यात. कल्याणच्या मंडळीस हे मिळाले नव्हते.

रात्री परतताना तो तरुण आमच्या शेजारी बसला होता. आम्ही त्यास म्हटले, आता सोबत्यांस असे सांग: खडकवासल्याचे धरण साहेबाच्या राज्यात, १८७९ साली पुरे झाले, म्हणून मुठेचे पाणी कोणी साहेबाचे म्हणत नाही. ख्रिस्ताचे नाव ह्या किनाऱ्यावर साहेबाच्या हजार वर्षे आधी होते, एवढे कॉस्मसवरून सांगता येते. ह्याहून अधिक सांगू नकोस. तो म्हणाला, "आणि ती मंडळी कुठं गेली असं विचारलं तर?" आम्ही म्हटले, तेही सांग. लपवू नकोस.

ज्या मंडळ्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनी हिवाळ्यात जावे, पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, आणि निघण्यापूर्वीच सर्वांस सांगून ठेवावे की कल्याणास पाहावयास काही नाही. नाही तर म्हातारी माणसे हिरमुसतात. ज्यांस जाता येणार नाही त्यांच्या उपदेशकांनी वरील शास्त्रभाग वाचून रविवारी असे विचारावे: आपल्या मंडळीत पवित्र शास्त्र किती घरांत आहे, व त्यांतील किती घरांत ते मोठ्याने वाचणारे कोणी आहे? पाळक सहा महिने आला नाही तर उपासना कोण चालवील? आणि एखाद्या बहिणीस घरात मार पडला तर ती कोणाच्या दारी जाईल? उत्तरे पुरुषांकडून व स्त्रियांकडून वेगवेगळी घ्यावीत, आणि शेवटल्या प्रश्नास स्त्रियांनी आधी बोलावे.